डेव्ह कन्सेप्सियोन हॉल ऑफ फेममध्ये का नाही? (बेसबॉलचं आहे, पण क्रिकेटवाल्यांनी पण वाचा)

रामबागचा_बापू

नमस्कार मंडळी. आधीच कबूल करतो, मी बेसबॉलवाला नाही. साठी उलटली, सगळी हयात क्रिकेट बघण्यात गेली. पण मुलगी सिनसिनाटीला असते आणि गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तिकडेच होतो, काम काय तर नातवाला सांभाळायचं आणि संध्याकाळी जावयाबरोबर सोफ्यावर बसून तिथल्या बेसबॉल टीमची, रेड्सची, मॅच बघायची. पहिले पंधरा दिवस काही कळेना, कोण कधी पळतो, कोण का उभा आहे, मग हळूहळू चटक लागली आणि आता इंदुरात परत आलोय तर पहाटे पावणेपाचला उठून मोबाइलवर मॅच लावतो, बायको म्हणते देवपूजेला कधी एवढ्या लवकर उठला नाहीत.

तर मुद्दा. स्टेडियमला लागूनच रेड्सचं म्युझियम आहे, जावई घेऊन गेला. तिथे एक अख्खी भिंत बॉलनी भरलेली, ४२५६ बॉल, पीट रोझच्या प्रत्येक हिटचा (मारून बेसवर सुखरूप पोचला तो फटका) एक. बघून मान दुखली. तिथेच १९७५-७६ च्या टीमचं सगळं मांडून ठेवलंय, दोन्ही वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची फायनलची मालिका, जिंकलेली टीम. त्यांच्या आठ बॅट्समनना तिकडे ग्रेट एट म्हणतात. बेंच, पेरेझ, मॉर्गन, रोझ, फॉस्टर, जेरोनिमो, ग्रिफी आणि शॉर्टस्टॉपला हा डेव्ह कन्सेप्सियोन, नंबर १३, व्हेनेझुएलाचा.

मुलीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, जन्मापासून तिथलेच. मी म्युझियम बघून आलो म्हटल्यावर त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि हातात बॉल नसताना नुसता हात फिरवून दाखवलं की कन्सेप्सियोन लांबून बॉल कसा टाकायचा, सरळ नाही, मुद्दाम पहिल्या बेसच्या आधी एक टप्पा पाडून. आणि मग रागानेच म्हणाले की बेंच हॉल ऑफ फेममध्ये (म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत), मॉर्गन आत, पेरेझ आत, मॅनेजर स्पार्की अँडरसन सुद्धा आत, आणि हा बाहेर. रोझचं कारण तर जगजाहीर आहे, जुगार. पण याने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

मी थोडं वाचलं. १९७० ते १९८८, १९ सीझन, सगळे एकाच टीमकडून. ९ वेळा ऑल-स्टार (सीझनच्या निवडक खेळाडूंची टीम), ५ गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस), २३२६ हिट्स, ३२१ चोरलेले बेस (पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठायचा). २००७ ला रेड्सनी १३ नंबरच रिटायर केला, म्हणजे आता तो नंबर त्या टीममध्ये कुणीच घालणार नाही. एवढं असून हॉलसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात १५ वर्षं नाव होतं आणि ७५ टक्के लागतात तिथे हा १७ च्या वर कधी गेलाच नाही.

मला खरंच कळत नाहीये. कुणी बेसबॉल समजणारं आहे का इथे?

सराफ्यातला_निशाचर

काका आधी ते शॉर्टस्टॉप म्हणजे काय ते सांगा ना, मी क्रिकेटच्या पॉइंटला कल्पना करून बसलोय आणि ते जमत नाहीये 😄

सॉफ्टबॉल_काकू

बापू, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलंत. मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, जागा कोणती तर शॉर्टस्टॉप. आपल्याकडे मुली हा खेळ बऱ्याच खेळतात हे लोकांना सांगितलं तर आश्चर्य वाटतं.

निशाचर, पॉइंट नाही रे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जी मोकळी जागा असते ती शॉर्टस्टॉपची. बहुतेक बॅट्समन उजव्या हाताचे, जोरात ओढला की बॉल त्याच बाजूला जातो, म्हणून सगळ्यात जास्त काम इथे. आणि क्रिकेटसारखं नाही की अडवला, एक रन वाचला, झालं. अडवून मग तो पहिल्या बेसला टाकायचा, आणि बॅट्समन तिथे पोचायच्या आधी. होमपासून, म्हणजे बॅट्समन उभा असतो तिथून, पहिला बेस ९० फूट, चांगला पळणारा साधारण सव्वाचार-साडेचार सेकंदांत पोचतो. त्यात बॉल जमिनीवरून तुमच्यापर्यंत येणार, तुम्ही वाकणार, ग्लव्हमधून काढणार, पाय लावणार आणि शंभर फुटांच्या वर लांब फेकणार. हे सगळं त्या चार सेकंदांत.

सगळ्यात अवघड म्हणजे होल. शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधला खोल कोपरा. तिथे बॉल गाठेपर्यंत तुमचं सगळं वजन उलट्या दिशेला गेलेलं असतं, पाय रोवून फेकायला वेळच नसतो. हवेतून सरळ फेकायचा तर बॉल उंचावरून कमान काढून जातो आणि तेवढ्यात पळणारा पोचतो. कन्सेप्सियोनचं डोकं इथे चाललं. सिनसिनाटीचं तेव्हाचं रिव्हरफ्रंट स्टेडियम १९७० चं, खाली गवत नाही, प्लॅस्टिकचा गालिचा, मातीचे तुकडे फक्त बेसच्या आजूबाजूला. त्या गालिच्यावर बॉल कॅरमच्या सोंगटीसारखा सरकतो आणि टप्पा एकसारखा पडतो. मग हा खाली, सपाट, जोरात फेकायचा, एक टप्पा आणि थेट पहिल्या बेसवाल्याच्या छातीत. कोपर दुखायला लागल्यावर तर हीच त्याची रोजची रीत झाली.

मी हे एका जुन्या क्लिपमध्ये पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला करायला गेले. आमचं ग्राउंड मुरमाचं. पहिला टप्पा खड्यावर पडला आणि बॉल उडाला तो थेट आमच्या पहिल्या बेसवालीच्या हनुवटीवर. बिचारी आठ दिवस भाकरी दुधात कुस्करून खात होती. सरांनी मला ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या आणि म्हणाले, ज्या जमिनीवर उभी आहेस त्या जमिनीवरचा खेळ खेळ.

माझं मत विचाराल तर हो, आत घ्यायला हवं. आमच्या निवडीत पण हेच, बॅटने किती मारलं तेवढं बघायचे, होलमधून किती जणी आउट केल्या ते कुणी लिहून पण ठेवलं नाही.

आकडेमोड्या

मी पुण्याला शिकत असताना या बेसबॉल आकड्यांच्या नादी लागलो, आता इंदुरात नोकरी आणि नाद दोन्ही चालू आहे. काकू तुमच्या हनुवटीच्या किश्श्याला सलाम, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार.

बॅटिंग ॲव्हरेज ०.२६७. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर हे धावांचं ॲव्हरेज नाही, शंभर वेळा बॅट घेतली तर साधारण सत्तावीस वेळा हिट. ०.३०० ला चांगलं म्हणतात. १०१ होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखं. शॉर्टस्टॉपसाठी त्या काळात हे बरंच होतं, १९७८ आणि १९८१ ला तो ०.३०० च्या वर पण गेला, ८१ आणि ८२ ला त्या जागेच्या सर्वोत्तम बॅट्समनचं सिल्व्हर स्लगर त्यालाच. मला मान्य आहे. पण सगळं एकत्र मोजणारा जो आकडा आहे, वॉर, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा याने टीमला किती विजय जास्त मिळवून दिले, तो कन्सेप्सियोनचा चाळीसच्या आसपास येतो. आणि याच वॉरमध्ये फिल्डिंग धरलेली असते हां, काकू, कुणी लिहून ठेवत नाही असं नाही, नंतर बसून सगळं मोजलंय लोकांनी.

आता त्याच टीममध्ये त्याची जागा ज्याने घेतली तो बॅरी लार्किन, सत्तरच्या वर, २०१२ ला आत गेला. डेट्रॉइटचा ॲलन ट्रॅमेल, तोही सत्तरच्या वर, आणि त्याला सुद्धा पत्रकारांनी १५ वर्षं लटकवलं आणि शेवटी २०१८ ला, राहून गेलेल्यांचा फेरविचार करते त्या कमिटीने घेतलं. म्हणजे ज्याचे आकडे जवळजवळ दुप्पट तो रांगेत उभा राहिला, तर याच्यासाठी आपण कुठल्या तोंडाने भांडायचं?

आणि फक्त ग्लव्हवर आत जायचं असेल तर समोर ऑझी स्मिथ आहे. सलग १३ गोल्ड ग्लव्ह, १९८० ते १९९२. बॅटिंग ०.२६२, म्हणजे आपल्या डेव्हपेक्षा कमीच, होमरन सगळ्या करिअरमध्ये २८. तरी २००२ ला पहिल्याच फटक्यात ९१.७ टक्के मतं. कारण फिल्डिंगमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि किती पुढे ते मोजता येतं. कन्सेप्सियोन चांगला नाही, फार चांगला होता. पण हॉल फार चांगल्यांसाठी नाहीये.

सॉफ्टबॉल_काकू

ऑझी पण सेंट लुईसला गालिच्यावरच खेळायचा बरं का. आणि गोल्ड ग्लव्ह १९८० पासून त्याच्याकडे गेले म्हणजे कुणाकडून गेले? १९७४ ते ७७ चार आणि १९७९ चं एक, ते डेव्हकडे होते. मधलं ७८ चं तेवढं फिलाडेल्फियाच्या लॅरी बोवाला.

जुना_होळकर

मी बेसबॉलचा एक चेंडू पाहिलेला नाही. पण वर सगळं वाचलं आणि मला एकच माणूस दिसायला लागला, एकनाथ सोलकर.

२७ टेस्ट, ५३ कॅच. विकेटकीपर नसून. बॅटिंग पंचविसाची सरासरी, विकेट १८. आकडे घेऊन बसलात तर मामुली ऑलराउंडर. पण बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट यांच्या विकेटमधून फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा असलेला तो माणूस काढून टाका आणि मग सांगा त्यांच्या किती विकेट उरतात. हेल्मेट नाही, काही नाही, बॅट्समनच्या खिशातले पैसे मोजता येतील एवढ्या अंतरावर. १९७१ ला ओव्हलला वेंकटच्या बॉलवर ॲलन नॉटचा जो कॅच घेतला, पुढे आडवा होऊन, तो फोटो आमच्या घरी पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, आईने दोनदा काढला आणि मी दोनदा लावला. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये बेदी आहे. सोलकर नाही.

तेव्हा आकडेमोड्या साहेब, तुमचा तो वॉर का काय, त्यात सोलकरचं काय केलं असतंत?

आणि आपण इंदूरवाल्यांनी तर या विषयावर तोंड उघडूच नये. होळकरांची टीम १४ सीझनमध्ये १० वेळा रणजी फायनलला गेली, ४ वेळा जिंकली. नाव कुणाचं निघतं? सी. के. नायडू, मुश्ताक अली. आमच्या घरात म्हणजे वडिलांकडून खंडू रांगणेकरांचं नाव ऐकलं, की फिल्डिंगला काय चपळ माणूस होता. रेकॉर्ड बघाल तर ३ टेस्ट, संपलं. भाऊसाहेब निंबाळकर पुढे होळकरांकडून खेळले, त्याआधी महाराष्ट्राकडून पुण्याला नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ पासून ९ रन लांब, समोरच्या टीमने मॅचच सोडली म्हणून थांबले. टेस्ट किती? शून्य. ज्या टीममध्ये दोन-तीन सूर्य असतात तिथे चंद्राला कुणी विचारत नाही, तुमच्या त्या सिनसिनाटीत पण हेच झालं असणार.

आकडेमोड्या

काका सोलकरचा पॉइंट मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही कारण क्रिकेटने फिल्डिंग नीट मोजलीच नाही. बेसबॉलने मोजली. हाच फरक.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याच बाजूला भोक आहे. न्यूयॉर्क यांकीजचा फिल रिझुटो, शॉर्टस्टॉप, १९९४ ला कमिटीने आत घेतला. त्याचा वॉर चाळीसच्या जरासाच वर, म्हणजे कन्सेप्सियोनच्या शेजारीच. आता रिझुटोची तीन वर्षं, १९४३ ते ४५, खरोखरच्या वॉरमध्ये गेली, नेव्हीत होता, आणि १९५० ला तो एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, होता, ते सोडता येत नाही. तरी पण तो यांकीज सोडून कुठल्या गरीब टीमकडून खेळला असता तर आत गेला असता का, मला शंका आहे. सूर्यांच्या शेजारी उभं राहून चंद्राचा फायदा पण होतो कधीकधी.

आणि कमिटीकडे कन्सेप्सियोन पण गेला होता. डिसेंबर २०१० ला, १६ जणांची कमिटी, १२ मतं हवी होती, त्याला ८ पडली. बरोबर अर्धी. म्हणजे अगदीच कचऱ्यात टाकला असं नाही.

सराफ्यातला_निशाचर

८ पडली म्हणजे निम्म्या लोकांना आपल्या काकूंसारखं वाटतंय की. हा वाद इथे मिटणार नाही, मी तोपर्यंत एक भुट्ट्याचा कीस खाऊन येतो.

पण एक विचारतो, याने कधी मॅच जिंकून दिली का? म्हणजे एकदम लक्षात राहील अशी? आपल्याकडे तर एका सिक्सवर लोकांची हयात निघते.

रामबागचा_बापू

निशाचर, हो, आणि ती गोष्ट मला त्या शेजारच्या गृहस्थांनीच सांगितली, मग मी रात्री बसून शोधून पाहिली.

१९७५ ची वर्ल्ड सिरीज, बॉस्टनला. पहिली मॅच रेड्स ६-० ने हरलेले. दुसऱ्या मॅचमध्ये नववी इनिंग, बॉस्टन २-१ ने पुढे, दोन आउट. म्हणजे अजून एक आउट आणि रेड्स ०-२ ने मागे. बेंच तिसऱ्या बेसवर उभा. बॅटिंगला कन्सेप्सियोन. त्याने काही गगनभेदी वगैरे मारला नाही, बॉल पिचरच्या डोक्यावरून टप्पा खात मधे गेला, फिल्डरने गाठला पण हा पहिल्या बेसला आधी पोचला आणि बेंच घरी, २-२. इथे दुसरा कुणी असता तर श्वास घेतला असता. याने लगेच दुसरा बेस चोरला. मग ग्रिफीने डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि हाच विजयाचा रन घेऊन आला, ३-२. पुढे ती सिरीज सात मॅचपर्यंत गेली आणि रेड्स जिंकले. आता मला सांगा त्या सिरीजचं नाव काढलं की लोकांना काय आठवतं, सहाव्या मॅचमधला बॉस्टनच्या कार्लटन फिस्कचा होमरन, तो हात हलवत पळतो तो. आणि ती सिरीज फिस्कची टीम हरली होती!

माझा आकडेमोड्याशी वाद नाही, तो म्हणतो ते बरोबरच असेल, चाळीस म्हणजे चाळीस. पण मला वाटतं की या माणसाकडे कधी कुणी एकट्याकडे पाहिलंच नाही. तो कायम आठव्या नंबरचा, बेंच रोझ मॉर्गन म्हणून झाल्यावर "आणि शॉर्टस्टॉपला".

अजून एक गंमत सांगायची राहिली. १९७६ ला शिकागोत असताना त्याची बॅटिंग थंड पडली होती, काही केल्या हिट लागेना. तर हा गडी ड्रेसिंग रूममधल्या कपडे वाळवायच्या मोठ्या मशीनमध्ये जाऊन बसला, का तर गरम व्हायला. तेवढ्यात टीममधल्या एका पिचरने चेष्टेत बटण दाबलं, त्याला वाटलं चालू होणार नाही, आणि ते झालं चालू! कन्सेप्सियोन आत गरागरा फिरतोय. बाहेर काढला तेव्हा केस होरपळलेले. मी हे वाचून पहाटे एवढा हसलो की बायको उठून बाहेर आली.

सॉफ्टबॉल_काकू

😂😂 बापू, हा किस्सा मला माहीत नव्हता. आमच्यात बॅट थंड पडली की ओंकारेश्वरला जाऊन यायचं, एवढंच.

एक राहिलं. व्हेनेझुएलातून हॉलमध्ये एकच खेळाडू आहे, लुइस अपारिसियो, १९८४ ला घेतला, तोही शॉर्टस्टॉप. कन्सेप्सियोन लहानपणी त्याला देव मानायचा. आणि कन्सेप्सियोनला देव मानून त्याच्या देशातली पुढची पोरं शॉर्टस्टॉप झाली, ओमार विझकेलने १३ नंबर घातला तो याच्यासाठीच. विझकेलचे ११ गोल्ड ग्लव्ह. त्याची मतं वर चढत होती, मग मैदानाबाहेरचे आरोप आले आणि घसरली, तो विषय वेगळा. पण एका देशातली सगळी पोरं ज्याचा नंबर मागून घेतात त्या माणसाचं वॉरमध्ये काय धरता हो आकडेमोड्या?

आकडेमोड्या

काही नाही धरत काकू. तिथे शून्य.

जुना_होळकर

हे मात्र प्रामाणिक उत्तर आहे.

बापू, ती दुसऱ्या मॅचची क्लिप कुठे मिळते ते इथे टाका. मी मुलाला सांगतो मोठ्या टीव्हीवर लावून द्यायला.

रामबागचा_बापू

टाकतो. काकू, तुमच्याकडे अजून ग्लव्ह आहे का? नातू डिसेंबरात येतोय आणि त्याला तो एक टप्प्याचा थ्रो बघायचाय. माझ्याकडे आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे, सिमेंटचं, एकदम सपाट.

सॉफ्टबॉल_काकू

आहे, चामडं कडक झालंय, तेल लावून ठेवते. येईन. पण पहिल्या बेसला तुम्ही उभे राहायचं, हनुवटी सांभाळून.